खोट्या फुल्या

— बसा न काकू, तुम्हाले चालत असन तं. मी बाजूले बसून आहो, पाळीचा आज दुसरा दिवस. आमच्या सासूबाई पाहिल्या न, तिकडं खांबाजवळ उभ्या होत्या, पण या बाकड्यावर नाही टेकल्या. आता खाली झेरॉक्स काढाले गेल्या — कॅलेंडरची. हो, कॅलेंडरची! मी बसली की लाल पेनानं फुली मारतात, दर महिन्याले. डॉक्टर मॅडमले दाखवाची आहे — लग्नाले चार वर्षं झाली, पोरगं काहून नाही म्हणून.

मी कळमेश्वरले कंपनीत आहो, पॅकिंगले, नाइट ड्युटी. आठले घरी येते — मग चहा, सयपाक, सासऱ्यांचं पथ्याचं, धुणं. दुपारी जरा डोळा लागला की नळ येते. तुमच्याकडं बाजूले बसणं पाळतात का हो अजून? आमच्याकडं पाळतात. चार दिवस चुलीले हात नाही, मागच्या खोलीत सतरंजी. माहेरी यावरून मी किती भांडत होती! आता — हसू नका — त्याच चार दिवसांची वाट पाहते. आली की आडवी. कोणी शिवत नाही, कोणी उठवत नाही. पण नाइट लागली अन् पाळी पुढं पुढं जाऊ लागली, मग आलीच नाही. महालक्ष्म्यांपासून नाही. नाही वं माय, दिवस नाही गेले, दोनदा पाहिलं. पण झोप? एका सकाळी कणिक मळता मळता उभ्यानंच डोळा लागला, अन् तोंडातून निघालं — आई, मी बसली. तेव्हापासून दर महिन्याले बसते. सहा फुल्या झाल्या, साऱ्या खोट्या.

अन् मागच्या वेळी मॅडम ते कॅलेंडर पाहून म्हणते, पाळी तं एकदम वेळेवर आहे. झोप कशी विचारलं, तं सासूबाईच बोलल्या — झोपते न, चार दिवस तं उठतच नाही! मग त्या फुल्यांवरूनच गोळ्या दिल्या, पाचव्या दिवसापासून. घेऊन राहिली मी. कशाचा पाचवा दिवस, सांगा.

सांगून टाकू म्हणता? ह्यांले? हे म्हणतात, आईले विचार. मॅडमले? ती म्हणन, झोप पुरी घे. कुठं घेऊ? फुल्या बंद झाल्या की ते चार दिवस बी गेले. अन् पोरगं राहिलंच, तं नऊ महिने बसणंच नाही. — पोरगं पाहिजे मले, काकू. साऱ्यांत जास्त मलेच पाहिजे. पण आधी झोपू द्या न कोणी.

— आल्या. सरका तिकडं, तुम्ही मले ओळखत नाही. — हो आई, फुली बरोबर आहे. कालच बसली मी.