पाटावरचा साहेब

राहुरीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बायका गाडीची वाट बघत बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर सायकलचं हेल्मेट होतं.

"दयाबाई, ह्ये कुनाचं वो?"

"आमच्या मास्तरांचं, भागीरथीबाई. सैल हुतं, म्हणून पट्टी आवळून आणली. रिटायर झाल्यापासनं मास्तर पाटाच्या कडंनं सायकल फिरवतात. तिथं गाड्या न्हाईत, चढ न्हाई. नुसती हौस."

"कामाबिगर?"

"व्हय. पण ते कुणाला पटतंय! हेल्मेट दिसलं की लोकांना वाटतं, पाटाचा साहेब तपासणीला आला. पाणी चोरायला टाकलेले पाइप भराभरा ओढून उसात लपवतात."

"आगं बया! मंग पानी फुडं जात आसंल."

"जातंय की. पाटाच्या पार शेवटच्या गावाला पाणी पोचलं. तवापासनं त्या गावची माणसं रोज सकाळी आमच्या दारात. मास्तर, चला फिरायला!"

"मंग मास्तर खूश आसतील."

"कसले खूश! त्यांना एकटं फिरायचं हुतं. आता गुडघा धरून निजलेत."

"आन् पाटावर कोन जातंय?"

"मीच. हेल्मेट घातल्यावर कोण वळखतंय?"

"तुमाला सायकल येती?"

"न्हाई. त्या गावचे दोघं दोन्हीकडनं सायकल धरून पळतात."

"अवो, मंग चोरांना कळत न्हाई व्हय?"

"उलट आता पाइपासंगं पाण्याच्या मोटारी बी उचलून पळतात. म्हणतात, ह्यो साहेब लई मोठा दिसतोय!"