क्षमस्वचा क्ष

...अन् वरून म्हनतात, "हात नाही लावला जी कोनी!" आता तुम्हीच सांगा, हात नाही लावला त कॉम्प्युटरच्या पोटात शेव कुठून येते? चाला, शेव एक येळ समजू शकतो, पन नाकातली चमकी? गेल्या महिन्यात एका कीबोर्डात मले चमकी सापडली, सोन्याची, अन् मालकीन म्हने कीबोर्डले कोनी हात नाही लावला. मंग नाक लावलं काय बाई? पन बोलता येत नाही ना, गिऱ्हाईक हाय, हसून घ्या अन् झाडून द्या.

तुम्हाले सांगतो, या हात न लावल्यानं माह्या जिंदगीचं वाटोळं केलं. मी उकंडा. आर्णीले बस स्टँडच्या मांगं आपलं दुकान, यू. के. कॉम्प्युटर्स, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील. लोक इचारतात, यू. के. म्हंजे लंडनचं हाय काय? नाही बावा, उ अन् क, उकंडा. माह्या अगोदरचे दोन लेकरं राह्यले नाही, म्हनून मायनं मले उकिरड्यावर लोळवलं अन् हे नाव ठेवलं, म्हने वाईट नाव असलं की लेकरू जगते. जगलो जी, जगन्याची गोष्ट नाही, लग्नाची हाय.

हेच चालू साल, दोन हजार सहा. कापसाचे हाल तुम्हाले माहीत हायेत, मी काय सांगू. ज्याच्या घरी कापूस त्याले कोनी पोरगी देत नाही, म्हनून त मी वावर भावाच्या हवाली केलं, यवतमाळले सहा महिन्याचा कोर्स केला, म्हटलं कॉम्प्युटरवाल्याले त देतीन कोनी. कायचं देतात! एकतिसावं लागलं अन् सात जाग्याहून नकार. सातवा नकार त आमी अजून उंबऱ्यातच होतो तवा आला. मायनं माह्याशी बोलनं सोडलं, नुसती पोळी वाढे अन् पाहे. त्या पाहन्याची मले धास्ती बसली होती. तेवढ्यात ढाणकीहून बेबीताईचा फोन आला. बेबीताई म्हंजे माही चुलतबहीन, ढाणकीले देल्ली हाय.

"उकंड्या," म्हने, "आमच्या आळीत अनंतराव हायेत, तहसीलीत बाबू. पोरगी जया, बीए झाली, शांत हाय. मी त्याईले सांगून देल्लं, माहा भाऊ रविवारी पाहाले येऊन राह्यला. कपडे धड घालजो."

घातले. पांढरा शर्ट, इस्तरी केलेला, पँटीले धार अशी की भाजी चिरून घ्या. पेचकस, म्हंजे स्क्रू ड्रायव्हर, मात्र खिशात राह्यला, माह्या खिशात पेचकस पेनीसारखा असते, ते सवय झाली. दोन गाड्या बदलून ढाणकीले पोचलो, त बेबीताईची सासू त्याच सकाळी मोरीत पाय घसरून पडलेली. बेबीताईनं मले अनंतरावच्या फाटकापाशी सोडलं. म्हने, "तू हो पुढं, मी आलीच." आता सांगा, पोरगी पाहाले कोनी एकटा जाते काय? पन आठवा नंबर होता जी, फाटकातून वापस कसा फिरू?

अनंतराव म्हंजे उंच मानूस, कानावर पेन, अन् बोलनं निरा फायलीतलं. पोहे आले, विमलताईनं, म्हंजे त्याईच्या मंडळीनं आनले. मी चमच्यानं खाऊन राह्यलो, सांडू देत नव्हतो, नजर खाली. पोहे झाले अन् अनंतराव उठले. म्हने, "चला, आता पाहून घ्या." म्हटलं, यायच्याकडं पोरीले बाहेर आनत नाहीत, पाहुन्याले आत नेतात, असन एखाद्या घरची रीत.

मधल्या खोलीत नेलं. खोली कापसानं भरलेली, खालपासून आढ्यापर्यंत, भाव वाढला की इकू म्हनून तीन महिने झाले ठेवलेला. अन् त्या कापसाच्या ढिगाले टेकून टेबल, टेबलावर पिवळा पडलेला कॉम्प्युटर. अनंतराव म्हने, "सदर संगणक कार्यालयाच्या लिलावात घेतला. दसऱ्यापासून बंद अवस्थेत आहे. कोणीही हात लावलेला नाही."

मले वाटलं परीक्षा हाय. खरं सांगतो. म्हटलं, पोरीले गानं म्हन म्हनतात, स्वयंपाक इचारतात, पोराची परीक्षा घेतली त काय बिघडलं? उलट बरं वाटलं. सात जाग्यावर कोनी मले काही करूनच दाखवू देल्लं नव्हतं. बाह्या मांगं सारल्या अन् पेचकस काढला.

झाकन उघडलं त आत कापूस. पंख्यात कापूस, तारांत कापूस, गादी भरा इतका कापूस, अन् त्याच्या मंधात एक उंदरीन, पोटाशी चार गुलाबी पिल्लं. दसऱ्याले यायनं कॉम्प्युटरची पूजा केली होती. हळद-कुंकू, अक्षता, सगळं वरच्या जाळीतून आत. उंदरीन तांदूळ खायाले आली, गादी तयारच होती, राह्यली. अन् अनंतराव म्हने हात नाही लावला. बरोबर हाय, हात कुठं लावला, तांदूळ टाकले ना!

मी काडी घेऊन काढाले गेलो त विमलताई मांगून म्हने, "पाहुणे, अलगद बापा, बाळंतीन हाय ते." आता काय करता? सुपडं मांगून घेतलं, त्या बाळंतिनीले लेकरायसकट अलगद कापसाच्या ढिगात पोचवलं, मंगच कामाले लागलो. पांढरा शर्ट काळा झाला, डोक्यात कापूस, अन् कापसाची खाज ज्याले माहीत हाय त्याले माहीत हाय, गळ्यापासून कंबरेपर्यंत. पन पाहुन्यानं कसं खाजवावं? मी टेबलाखाली घुसलो, म्हटलं तार बी पाहून घेऊ अन् खाजवून बी घेऊ.

तेवढ्यात लोडशेडिंग. अन् अंधारात पैंजन वाजले. टॉर्चचा उजेड पडला, त मले दोन पाय दिसले. पोरगी पाहाले गेलेला मानूस, पाय पाहून राह्यलो, अन् तिनं माहे पाह्यले असन ते बी पायच, बाकी मी टेबलाखाली. मी हार्ड डिस्कची पट्टी लावत होतो. वरून हळू आवाज आला, "उलटी लावून राह्यले तुमी. लाल तार तिकडून हाय."

पाह्यलं त खरंच उलटी. सहा महिन्याचा कोर्स केलेला मी, अन् पट्टी उलटी. मी बाहेर आलो, म्हटलं तुमाले कसं माहीत? जया म्हने, "दसऱ्याच्या आधी एकदा मी उघडून पाह्यला होता. बाबाले सांगू नका." तुम्हाले सांगतो, इतक्या वर्षांत मले भेटलेली ते पहिली जितीजागती व्यक्ती, जिनं कबूल केलं की हात लावला. माह्यं मन तिथंच बसलं जी. खोटं कायले बोलू? आवडली मले. टॉर्च धरलेला तिचा हात हालत नव्हता, मी काय करून राह्यलो ते ती पाहत होती, मन लावून. मनात म्हटलं, उकंड्या, हे घर जमलं पाह्यजे.

लाईन आली. बटन दाबलं, कॉम्प्युटर चालू. अनंतरावनं चष्मा लावला. म्हने, "चालू झाला याला पुरावा काय? काही टंकलिखित करून दाखवा." मी म्हटलं सांगा, काय टाइप करू? ते म्हने, "मुलीचा बायोडाटाच होऊन जाऊ द्या. अनायासे कामास येईल."

मले वाटलं, आली परीक्षा शेवटाले. बसलो. वर गनपती टाकला, भोवतं येलबुट्टीची चौकट टाकली, असा बायोडाटा यवतमाळात बी कोनी करत नाही. नाव, जन्मवेळ, उंची, रंग गहूवर्ण, मामाचं कूळ, सगळं टाकलं. अनंतराव मांगं हात बांधून एक एक शब्द सांगे अन् मी एक एक बटन शोधे, कारन फॉन्ट होता सरकारी, अक्षर एका जागी अन् बटन दुसऱ्या जागी. दाराशी जया उभी. अनंतराव म्हने, "अपेक्षा. अपेक्षा, दोन टिंब. मुलगा... नोकरीवाला. सरकारी असल्यास उत्तम. शेती... व... दुकान असणारे... क्षमस्व."

"अपेक्षा"चा क्ष त मी तसाच मोकळा सोडून पुढं गेलतो, म्हटलं मंग पाहू. आता दुसऱ्यांदा आला. क्ष काही निघेना. त्या फॉन्टात क्षले बटनच नाही, आल्ट दाबून आकडे माराचे लागतात, अन् आकड्याची चिठ्ठी दुकानात. मी घामाघूम. एकशे एकसष्टपासून एक एक आकडा मारत गेलो. ज्ञ निघाला, श्र निघाला, निरा भलतेच टिंबं-काने निघाले. अनंतराव घड्याळ पाहून राह्यले. अन् दारातून जया म्हने, हळूच म्हने, "नाही निघत त राहू द्या ना. ते ओळच नसली त चालते."

अन् मी काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, "निघते कशी नाही? काढूनच दाखवतो!"

काढला जी. अर्ध्या तासानं काढला. दोन्ही क्ष काढले, ठसठशीत, अन् क्षमस्व ठळक करून खाली रेघ मारली. मान वर करून पाह्यलं, दारात कोनी नव्हतं.

अनंतराव खूश. प्रिंटर बी लिलावातलाच, कर्र कर्र करत पंचवीस कॉप्या काढल्या. तवा बेबीताई आली. अनंतराव तिले म्हने, "ताई, तुमचा मेकॅनिक हुशार आहे हो. तुम्ही म्हणाल्या भाऊ पाहायला येतो, मला वाटलं नुसता पाहून जाईल, यांनी तर चालूच करून दिला." बेबीताईनं माह्याकडं पाह्यलं. काळा शर्ट, डोक्यावर कापूस, हातात बायोडाटा.

फाटकाबाहेर आल्यावर मी तिले धरलं. म्हटलं, तू त्याईले सांगतलं नाही काय, काय पाहाले येतो ते? म्हने, "पाहाले येते म्हटलं की पोरगी पाहालेच ना बावा! त्याईनं आठ दिस अगोदर मले कॉम्प्युटर बंद पडला म्हनून सांगतलं होतं, ते माह्या ध्यानात नाही राह्यलं. मी त काही हात नाही लावला या भानगडीले." मी म्हटलं, मंग आता सांग, आताच्या आता वापस जाऊन सांग. तिनं माह्या हातातला कागद घेतला, खालची ओळ वाचली, अन् म्हने, "कोनत्या तोंडानं सांगू, उकंड्या? तूच त लेहून देल्लं."

वापसीच्या गाडीत, आर्णी यायच्या थोडं अलीकडं, मले जयाचं बोलनं समजलं. "ते ओळच नसली त चालते." एकतीस वर्षांत एका पोरीनं मले हो म्हटलं, अन् मी आकडे मारत बसलो.

निघताना अनंतरावनं त्यातल्या पाच कॉप्या माह्या हातात देल्ल्या होत्या. म्हने, "तुमच्या दुकानात चार लोक येतात, पाहण्यात ठेवा." ठेवल्या जी. चार वाटल्या, इमानदारीनं वाटल्या, पोरीचं चांगलं झालं पाह्यजे. ही एक राह्यली... तुमच्यात कोनी नोकरीवाला हाय काय?