नववं ताट

— न्हाई न्हाई, चहा नका टाकू बायनाबाई, मी इथं उंबऱ्यातच बरी हाय. अळणी धरलंय मी आजपासून, तुमच्या स्वप्नालीचे दहावीचे पेपर संपेस्तोर मीठ बंद. आता चहाला मीठ लागत न्हाई म्हणा, पण नकाच. तुमी शेंगा फोडा, हात थांबवू नका. मी आले ते हे द्यायला — हॉलतिकीट. काल आमच्या शिवकन्याचं आणायला शाळेत गेलते, तर क्लार्क म्हणला, काकू, तुमच्या गल्लीतल्या त्या पोरीचं न्यायला कुणी येईना, आठ दिवस झाले कपाटात पडून हाय. त्या पोरीचं! नाव घ्यायला जीभ झडली मेल्याची. मी म्हणलं आणा इकडं, माझ्या घरापासून चौथं घर हाय. बघा तरी, फोटो किती शांत आलाय तिचा. परवा शुक्रवारी पहिला पेपर, मराठीचा, अकराला. दिवाळीपासून शाळेत न्हाई गेली तर न्हाई गेली, हुशार हाय, निघंल पास. मी सोता येते न्यायला — एका अंगाला शिवकन्या, एका अंगाला स्वप्नाली, मधी मी. मग बघू कोण खोकतंय तिला बघून.

आत हाय ना ती? पडदा हलला वाटतं. असू दे, असू दे, तिला बाहेर नका बोलवू, ऐकलं तरी बास. मला सगळं ठाऊक हाय बाई. आषाढात तिच्या पोटात कळ आली, तुमी माजलगावला नेली, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी पोरगी आली — सुकलेली, पोटावर हात धरून चालायची. टाके दुखत असतील तर माणूस पोटावर हात धरणारच की! पण वर्गात काय झालं, तर म्हणे ही माजलगावला जाऊन पोटातलं पाडून आली. कुणी उठवलं? कुणीच न्हाई. असलं कुणी उठवत न्हाई, ते हवेतच असतंय, उघडं तोंड दिसलं की शिरतंय. संडासाच्या भिंतीवर लिहिलं, मोबाईलच्या ग्रुपवर पाळण्याचं चित्र टाकलं. आणि तो खुळखुळा — लेकरू उत्तर द्यायला उभं ऱ्हायलं की मागच्या बाकावरून खुळ् खुळ्, खुळ् खुळ्. सर म्हणायचे, कोण हाय बे ते? आणि फळ्याकडं तोंड करून सोताच हसायचे. बारक्या पोराचा हिरवा खुळखुळा, दांडीवर दात उमटलेले —

मला कसं ठाऊक? पोरी सांगतात की घरी येऊन. दात... दात पण सांगितले असतील कुणीतरी. — न्हाई. बघितलाय मी. तुमच्यापाशी काय लपवू, आमचाच हाय तो. शिवकन्याचा. ट्रंकेत जपून ठेवलेला, तिच्या पहिल्या टोपड्यासोबत, दांडीवर दात तिचेच. दिवाळीला ट्रंक उघडली तर टोपडं हाय, खुळखुळा न्हाई. विचारलं तर म्हणती, मी न्हाई वाजवला आई, मागच्या बाकावरच्या हरिओमनं मागितला. मागितला म्हणून दिला! पण पोर वाईट न्हाई हो ती. भितीय. न्हाई दिला तर उद्या खुळ् खुळ् तिच्या नावानं. मी देवापुढं उभी केली तिला, नाक घासायला लावलं. खरं तर तिला हिकडं आणायला पायजे होती, तुमच्या दारात, तुमच्या पोरीपुढं. ते न्हाई झालं माझ्याच्यानं. म्हणलं दहावीचं वर्ष हाय, लेकराच्या मनावर परिणाम व्हायचा.

...हां. आलं ध्यानात, काय बोलले ते. फोडा, शेंगा फोडा.

तुमी म्हणताल खुळखुळा पोरांचा, पण कुशावर्ता, तू काय केलंस? तेच तर सांगायला आले. नवरात्रात माझं मौन असतं — सकाळच्या आरतीपासून कुमारिका जेवून उठेस्तोर तोंडातनं अक्षर न्हाई. बारा वर्षं झाली, सासू गेली त्या साली सुद्धा मोडलं न्हाई मी. तर अष्टमीला पोरी आल्या, पाय धुवायला परात मांडलेली, आणि तुमची स्वप्नाली दारात, निळा ड्रेस, केसात अबोली. दरसालची कुमारिका माझी ती! पाच वर्षांची होती तवापासून तिच्या पायावर मी पाणी घातलंय, तिला माझ्या पुरणात जायफळ जास्त लागायचं, नाक मुरडायची. पण ताटं नऊ आणि पोरी झाल्या दहा. बोलायची चोरी. मी हात केला, असा — म्हणजे थांब, मागनं बस. तिला वाटलं, जा. गेली ती. आता ताराबाई तांब्या धरून शेजारीच, तुमाला ठाऊक हाय तिचं तोंड, ती म्हणली, कावून गं, परत कावून लावलीस तिला? मी काय सांगू, मौनात? मी वर बघितलं. देवीच्या फोटोकडं. एवढंच हो, वर बघितलं. तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत — कुशाकाकूनं सुद्धा तिचे पाय धुतले न्हाईत, देवीलाच ठाऊक म्हणली. म्हणली! मी मौनात, आणि म्हणली! तोपर्यंत नुसती चेष्टा होती बाई, त्या दिवसापास्नं खरं झालं. बाकावर शेजारी बसायचं सोडलं पोरींनी. डब्यातलं खायचं सोडलं. दिवाळीनंतर ती गेलीच न्हाई.

असं का बघताय? दहा होत्या. खोटं सांगते का मी? मोजा ना — शिवकन्या एक. ताराबाईच्या नाती दोन, तीन झाल्या. भगवानरावाच्या तिघी बहिणी, सहा. सटवाची धाकटी, सात. अभिमन्यूची पुतणी, आठ. आठ... आणि ती, ती सोनाराची — न्हाई, ती गावाला गेलती. शिवकन्या धरली ना मी? धरली. आठ. थांबा, परत मोजते —

न्हाई. काय मोजायचं. आठच होत्या. नववं ताट तिचंच होतं.

आदल्या दिवशी शिवकन्यानं सांगितलं मला, ते माजलगावचं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, म्हणलं असं बोलू नये कुणाच्या लेकीबद्दल. पण हात तिच्या तोंडावर होता हो, माझ्या कानावर न्हवता. मनात किंतू आला. कुमारिकेच्या तोंडानं देवी जेवती ना बायनाबाई. म्हणलं खोटंच असंल, शंभर टक्के खोटं — पण खरं असलं तर? बारा वर्षांचं व्रत. हात आपोआप उठला. ते ताट मी गाईला चारलं, आणि गाय पण पुरण हुंगून जरा थांबली, मंग खाल्लं. आणि मौन तर दुपारी दोनला सुटलं होतं माझं. दोनला! त्यानंतर चार महिने झाले. तर मंग बोलली कावून न्हाईस, हे तरी विचारा मला. विचारा की. शिव्या द्या. — न्हाई? बरं.

पण आता बोलणार हाय मी. परवा शाळेच्या फाटकात उभं राहून, सगळ्यांच्या आया असतील तिथं, ताराबाई पण असंल. अंबाजोगाईला योगेश्वरीला चालत जाऊन आले मागल्या मंगळवारी, तिची ओटी भरली, कौल लावला, तर फूल उजवं पडलं. उजवं! माझ्या डोळ्यांनी बघितलं. देवी रुसली असती तर उजवं पडलं असतं का? सगळं नीट होतंय बघा, एकदा पेपरला बसली की झालं, मंग अकरावी परळीला घ्या, तिथं कुणाला काय ठाऊक, एसटीचा पास काढू दोघींचा —

उठलात कावून? करंडा? एवढ्यात? मला अजून... बरं, लावा, लावा. ते हॉलतिकीट तेवढं आत ठेवा, टरफलात जाईल. किती घट्ट लावलं कुंकू. येते मंग मी, शुक्रवारी दहाला —

हे काय? आक्षदा? पिवळ्या आक्षदा... कुणाच्या हो? तुमच्या तानाजीचं लगीन जमलं का? ...मंग? आत बांगड्या वाजल्या. चुडा भरलाय तिला? बाई, सोळा पण पुरे न्हाईत तिला. कुठं देताय? नांदूरघाटला. बरं... लांब हाय, खरं हाय, तिथं कुणाला काही ठाऊक न्हाई. पण कधी? परवा? परवा तर, अहो, परवा अकराला मराठीचा —

...

न्हाई, हात मागं घेत न्हाई मी. द्या. आक्षदीला न्हाई म्हणू नये.

न्हाई हो. न्हाई बोलत कुणाला.