मांजरकेस

(ओरोसीचं खोरं. कॉफीच्या उताराखाली पत्र्याचं घर, सकाळची वेळ. एलिएसेर म्हातारा, आंधळा. मिरेया त्याची लेक. तिच्या कडेवर तान्ही मुलगी.)

एलिएसेर : आणि दार पुन्हा घासलं. ऐकलं मी.

मिरेया : लाकूड फुगलंय, बाबा. तीन दिवस ओल आहे. गुळाचं पाणी घ्या, गार होतंय.

एलिएसेर : पत्रा का वाजत नाही?

मिरेया : वाजायला काही पडायला तर हवं. नुसता मांजरकेस आहे, केसासारखी बारीक भुरभुर. अंगणात उभं राहिलं तर डोकं भिजायला अर्धा तास लागेल.

एलिएसेर : ओढा?

मिरेया : उतरलाय. काल गुडघाभर होता, आज घोटा बुडत नाही. पाणी मात्र मातकट.

एलिएसेर : पाऊस चालू आणि ओढा उतरला? वर कुठंतरी पाणी तुंबलंय. पोरीला गुंडाळ. चर्चच्या माळावर जाऊ.

मिरेया : मांजरकेसाला घर सोडायचं? गाव हसेल. सकाळी शेजारच्या ओफेलियाबाई विचारत होत्या, निघायचं का म्हणून. मी म्हटलं, मांजरकेसाला काही होत नाही, बाबाच सांगतात.

एलिएसेर : माझं नाव घेऊन सांगितलंस?

मिरेया : मग कुणाचं घेऊ? मांजरकेसात छत्री उघडायची नाही, बादलीपाऊस आला की पळायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आई बादलीपावसातच दरडीखाली गेली ना? तसा कोसळू दे, तुम्हाला पाठीवर घेऊन पळेन.

एलिएसेर : मिरेया, बस जरा.

मिरेया : घेवडा चुलीवर आहे.

एलिएसेर : राहू दे. त्या सकाळीही पत्रा वाजत नव्हता.

मिरेया : कुठल्या सकाळी?

एलिएसेर : तुझी आई म्हणाली, ओढा उतरलाय, पोरीला घेऊन खाली जाऊ. मी हसलो. म्हटलं, मांजरकेसाला काय घाबरतेस, उतारावर राहिलेली टोपली घेऊन ये. ती वर गेली, आणि उतार तिच्यावर कोसळला. बादलीपाऊस मी नंतर रचला. लोक विचारायचे, मला खरं सांगवेना.

मिरेया : इतकी वर्षं?

एलिएसेर : एकतीस.

मिरेया : उठा. माझा खांदा धरा. … बाबा, दार उघडत नाहीये.

एलिएसेर : जमीन सरकतेय, चौकट दबलीय. खिडकीतून जाऊ. आधी पोर.

मिरेया : ओफेलियाबाई माझ्या शब्दावर निवांत बसल्यात. त्यांना काय सांगू?

एलिएसेर : सांग, माझे बाबा खोटं बोलत होते.