पहिला पेला देवापुढे

मंडळी, ऐका. अभिमान धरावा की सोडावा? सोडावा म्हणता? मग मघाशी जिलब्या वाढताना 'आमच्या सूनबाईंनी केल्यात हो' असं कोण सांगत होतं? असू दे, नाव घेत नाही!

संगमनेरला केशव थोरवे नावाचा गडी. घरात तो आणि आई भामाबाई, दोघंच. या पठ्ठ्याला नाद लागला, घरी बियर करायचा! — दचकू नका. आणि मृदंगवाले, तुम्ही पुढे सरकू नका. मी माळकरी माणूस, नुसतं सांगतोय.

जव भिजवले, मोड आणले, वाळवून भरडले. उकळून गाळलं, आंबायला ठेवलं. कुठं? माळ्यावर, गोधडीखाली! आईला कळू नये म्हणून. संध्याकाळी मित्र यायचे होते. आधी आपण चव बघावी म्हणून त्यानं बाटली उघडली — फस्स! मागं बघतो तर दारात भामाबाई.

"आंबलं एकदाचं?"

"आई, तुला माहीत होतं?"

"आठवडाभर वास येतोय मला. चाखलंस?"

"नाही अजून."

"मग थांब. या घरात पहिलं देवापुढं जातं. पहिला आंबा जातो, पहिला चीक जातो."

"अगं, देवापुढं बियर? लाज वाटते मला."

"लाज वाटते? मग मित्रांपुढं काय मिरवणार होतास?"

शास्त्रात बसतं का, मला विचारू नका. भामाबाईला विचारा!

केशवनं मनाशी हिशोब मांडला. जव निवडून घेतले होते, भांडी उकळून घेतली होती. कामात कुठं चुकारपणा नव्हता. चोरटी होती ती फक्त गोधडी.

"लपवायला नको होतं, आई," तो म्हणाला. पेला भरला आणि देव्हाऱ्यापुढं ठेवला, ताठ मानेनं. हात जोडले. मगच घोट घेतला. कडसर, आणि मागून जवाचा गोडवा. जमली होती!

भामाबाईनं पेला नाकाशी धरला. तिच्या आंबिलीला सगळी आळी वाटी घेऊन यायची, तिला चाखायची काय गरज?

"नेमकं आंबलंय. माझा हात आलाय तुला."

डोळे भरून आले केशवचे.

संध्याकाळी मित्र आले. केशवच्या आधी दारात कोण उभं? भामाबाई! "या, या. आमच्या केशवनं केलीय हो!"

तर मंडळी, अभिमान खुशाल धरा. पण आधी देवापुढं ठेवून बघा, मान ताठ राहते का ते. तुमच्या माळ्यावर काय झाकलंय, मी विचारत नाही. घरी जा, आणि आपापली गोधडी उचला. बोला, विठ्ठल विठ्ठल!