अंडाशयातले पहारेकरी

...डोळ्याला डोळा नाही लागला, तुम्हाला सांगते! कारण काय, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याच पांढऱ्या पेशी तुमच्या अंडाशयावर उठल्यात." आता चोर बाहेरचा असता तर कडी लावली असती, पण ही तर आपलीच माणसं हो, आपलीच!

मी शिकली-सवरलेली बाई, विचारलं काय? तर "त्यांना तिथून हाकलता नाही का येणार?" बाई हसल्या. "अहो, त्यांच्याशिवाय तिथलं पान हलत नाही! महिन्याच्या महिन्याला बीज बाहेर पडतं, जागा फाटते, मग केरकचरा काढायचा कोणी, जखम सांधायची कोणी? यांनीच! तुमच्याकडे त्या जरा... संशयी झाल्यात. घरच्यालाच दरडावतात, कोण रे तू?"

"आणि दुसरं मूल?"

"कठीण आहे. अशक्य म्हणणार नाही."

घ्या! यावर माणसानं रडावं की हसावं? घरी सांगितलं, तर सासूबाई, "आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या पेशी!" नवरा मोबाइलमधून मान वर न काढता, "तू उगाच नेटवर वाचत बसू नकोस." अहो, माझं वाचून, घाबरून, पुन्हा वाचून झालं होतं! पण बोलणार कुणाला? आपलीच माणसं हो, आपलीच!

शेवटी लेकीला घेऊन बागेत गेले. पाच वर्षांची आहे, आपली जुनी झबली बाळासाठी घडी घालून ठेवलीयेत तिनं... ती घसरगुंडीच्या शिडीवर, मी खाली दोन्ही हात पसरून, "हळू! धर! अगं पडशील!"

"आई, तू बाकावर बस ना!"

बसवतं का हो? ती तिथेच अडून बसली, वरच्या पायरीवर. "बाळ कधी येणार?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "आईच्या पोटात ना, पहारेकरी असतात. ते इतकी काळजी करतात, इतकी काळजी करतात, की बाळाचं बी दिसलं तरी घाबरतात, त्याला पुढे जाऊच देत नाहीत."

"वाईट आहेत ते?"

"नाही गं... आपलीच माणसं."

तिनं माझ्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली,

"मग त्यांना पण सांग ना, बाकावर बसा."