उजव्या खांद्यावरचा पदर

जयंत : काच काढावी लागेल, शुभदाताई. काचेसकट स्कॅन केलं तर मधोमध ट्यूबलाइट उमटेल.

शुभदा : काढ ना. फक्त जपून. तीस वर्षांत ही फ्रेम पहिल्यांदा भिंतीवरून उतरलीये. मागचा वॉलपेपर अगदी नवा निघाला.

शैला : म्हणून मागच्या महिन्यात तुम्ही फोटोतला नुसता कोटाचा तुकडा पाठवलात होय?

शुभदा : गेनाऊ, अगदी तेच. डीटर म्हणाला, बिल्ल्यापुरताच प्रश्न आहे ना, तेवढाच फोटो काढून पाठव. आणि जयंतचं उत्तर आलं चार ओळींचं. त्या चार ओळींनी आमच्या घरात किती दिवसांनी सगळे नीट जेवले, सांगू तुला?

शैला : चार ओळी! मी भाजीची यादी मागितली तर 'काहीही आण' म्हणतो हा. दर शनिवारी फ्लोमार्क्टला, जुन्या बाजारात जायचं, कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांचे फोटो विकत आणायचे आणि रविवारभर भिंग लावून त्यांच्या छातीकडे बघत बसायचं.

जयंत : छातीकडे नाही, बिल्ल्याकडे. कुठला पक्ष, कुठलं पदक, कुठलं साल. फोटोला तारीख नसली तरी बिल्ला सांगतो. हे खिळे गंजलेत, शैला, पक्कड दे.

शैला : घे. पण ताई, एवढं घाबरण्यासारखं काय होतं? तुमचे सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली.

शुभदा : अगं, शाळेने फोटोलॅबला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी तिथे. तर कमिटीला निनावी पत्र आलं. घरी कॉफी पिऊन गेलेलंच कोणीतरी असणार. 'दिवाणखान्यातल्या फोटोत त्यांच्या कोटावर बिल्ला आहे, तो कुठला ते आधी विचारा.' ते आयुष्यभर सांगायचे, मी नाझी पक्षात नव्हतो. डीटर बापाच्या त्याच भरवशावर मोठा झाला. मग जयंतने लिहून दिलं.

जयंत : एवढंच लिहिलं होतं, की बिल्ला उजव्या कॉलरवर आहे. नाझी पक्षाचा बिल्ला डाव्या कॉलरवर लावायचे. बाहेर गडद कडं, आत पांढरं, मधे जहाजाच्या नांगरासारखी खूण. म्हणजे बहुधा होड्या वल्हवणाऱ्यांचा क्लब.

शुभदा : 'बहुधा' नव्हतं. 'नक्की' होतं. पाठ आहे मला. कमिटीने पुस्तिकेत तसंच घेतलंय, सोमवारी छापायला जाईल. फक्त हा पूर्ण फोटो द्यायचा राहिलाय.

जयंत : मूळ छोटी प्रिंट नाही का कुठे? त्यावरून जास्त चांगलं आलं असतं.

शुभदा : एक आहे सांगलीला, नीताताईकडे. पण ती बिघडलीये. सहा वर्षांची असताना मी म्हणे त्यावर शाई सांडली. मला काही आठवत नाही, पण ताई अजून चिडवते. आई भडकली होती, बाबा म्हणाले, लहान आहे ती, जाऊ दे.

जयंत : निघाली काच. शैला, हात पुसून धर. कडेला धर.

शैला : बघू तरी. हे तुमचे आईबाबा?

शुभदा : हो. मनोरमा आणि शरदचंद्र. अडतीस साल. बाबा इथे जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला होते, दोन वर्षं यांच्याच घरात भाड्याने राहिले. हे कुत्र्याला उचलून उभे आहेत ते सासरे, तेव्हा तरुण मास्तर. फोटो सासूबाईंनी काढलाय. आम्ही मुली त्यांना न बघताच आल्ब्रेष्टकाका म्हणायचो. शहात्तर साली काकांचे सासरे झाले.

शैला : ताई, तुमच्या आई माहेरच्या कुठल्या?

शुभदा : मिरजेच्या. का गं?

शैला : गुजरातकडच्या वगैरे नाहीत ना?

शुभदा : अगं मिरजेच्या म्हटलं ना, ब्राह्मणपुरीतल्या. काय झालं?

शैला : मग पदर उजव्या खांद्यावर कसा?

शुभदा : कुठे उजव्या? हा बघ, हा... थांब. हा त्यांचा... हा तिचा...

शैला : उजवाच. मी तिच्यासारखी उभी राहून बघितलं आत्ता.

शुभदा : इथली थंडी गं. कशीही गुंडाळली असेल साडी.

शैला : आणि चमकी? थंडीमुळे नाकपण दुसऱ्या बाजूला टोचून घेतलं?

जयंत : सरका. दोघीही सरका जरा. कोटाची बटणं... बाबांच्या कोटाचीसुद्धा. बायकांच्या कोटासारखी बसलीयेत. अरे देवा.

शैला : काय झालं ते बोल.

जयंत : फोटो उलटा आहे. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तुकडा बघून मला कळलंच नाही. पूर्ण फोटो मागवायला हवा होता, पहिला नियम आहे तो. थांबा, स्कॅन होऊ दे. मग स्क्रीनवर सरळ करतो.

शुभदा : यंत्राची काही चूक असेल.

जयंत : आता बघा.

शुभदा : अगंबाई. ही आई. ही खरी आई. तीस वर्षं मला वाटायचं, या फोटोत ती जराशी परकी दिसते. परदेशात काढलाय म्हणून असेल, असं समजायचे मी. रोज धूळ पुसते, जयंत. रोज. आणि माझ्या आईचा पदर मला दिसला नाही?

शैला : बसा तुम्ही. पाणी देते.

शुभदा : नको. बिल्ला सांग.

जयंत : डाव्या कॉलरवर.

शुभदा : आणि तो नांगर?

जयंत : या स्कॅनवरून मोठा केला की चार हात दिसतात. टोकाला वाकलेले. नांगराला चार हात नसतात, शुभदाताई.

(स्कॅनरचा दिवा बंद होतो.)

शुभदा : चुकून उलटा छापला गेला असेल ना? होतं की नाही असं?

जयंत : होतं. निगेटिव्ह उलटी बसली की होतं. नवशिक्याकडून.

शुभदा : ते फोटोग्राफीचा वर्ग घ्यायचे. मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, निगेटिव्हची चकचकीत बाजू कुठे ठेवायची. मलाही शिकवलं होतं, तळघरात.

शैला : मोठा कोणी केला हा फोटो?

शुभदा : मागे लिहिलंय बघ. जर्मनमध्ये आहे, वाच.

शैला : 'प्रिय शुभदाला, लग्नानिमित्त. स्वतःच्या हाताने मोठा केला. आल्ब्रेष्ट. मे १९७६.'

शुभदा : माझ्यासाठी केला. माझ्या आईबाबांना उलटं केलं आणि मलाच भेट दिलं. मी रडले होते गं, फ्रेम हातात घेऊन. गळ्यात पडले होते त्यांच्या.

जयंत : हेतू मला फोटोवरून सांगता येणार नाही. बिल्ला कुठला, एवढंच सांगता येतं. माझं 'नक्की' चुकलं. मी कमिटीला आजच लिहितो.

शुभदा : थांब. नाही लिहिलंस तर? उलटाच दिला फोटो, आत्तापर्यंत होता तसा? शाळेत कोण साडी नेसतं? कोणाला कळणार आहे?

जयंत : कोणालाच नाही.

शुभदा : डीटर साठ वर्षांचा आहे, जयंत. परवापासून भाषण पाठ करतोय. त्याचं पहिलंच वाक्य आहे, 'माझे वडील नाझींना "नाही" म्हणू शकले.'

शैला : ताई, बाबांना तर दिसलं असेल. हातभर अंतरावर उभे आहेत.

शुभदा : बाबांना?

शैला : दोन वर्षं एका घरात राहिले म्हणता ना तुम्ही.

शुभदा : माहीत असतं तर त्यांनी मला या घरात दिलं असतं? माझ्या लग्नाचं पत्र त्यांनीच... फोन दे. माझा, पर्समधला. सांगलीत साडेसहा वाजले असतील, ताई देवाजवळ दिवा लावून बसली असेल.

शैला : स्पीकरवर टाकू?

शुभदा : नको. हॅलो, नीताताई? मी शुभी. नाही, सगळे बरे आहेत. डीटरपण बरा आहे. ऐक, आईचा जर्मनीतला फोटो आहे ना, अल्बममधला, तो काढ. आत्ता. हो, काढ गं, थांबते मी... मिळाला? आईचा पदर कुठल्या खांद्यावर आहे? डाव्या. बरं. आणि शाई कुठे आहे? कोटावर, कळलं, पण कुठे कोटावर? काकांच्या कॉलरवर. केवढी? नाही, नीट बघून सांग, ओघळलीये का कुठे?... टिकलीएवढी. गोल. दुसरीकडे कुठे थेंबसुद्धा नाही? आईच्या साडीवर? कुत्र्यावर?... टाकाने भरल्यासारखी. हं. धर जरा फोन.

जयंत : शुभदाताई?

शुभदा : लिही तू मेल. सरळ फोटो जोड. डीटरला मी सांगते, घरी गेल्यावर, पण तू लिही. हॅलो, ताई, आहेस ना? काही नाही गं. नाही, भांडत नाहीये, पन्नास वर्षांनी कशाला भांडू. फक्त सांगतेय. तो डाग मी पाडला नव्हता.